‘अर्धनिवृत्त’ दलाल आणि भरतीचा मोबदला : एका व्यवसायभाषेचा अर्थविचार

शब्दाचा अर्थ पालटला म्हणजे त्याची नोंद कोशकार करतो. परंतु त्या पालटामुळे कोणाचा लाभ झाला आणि कोणाच्या पदरी तोटा आला, हे कोशाच्या पानावर उमटत नाही. सामान्य भाषाव्यवहारात असा हिशेब मांडणे शक्यही नसते. करारनाम्याच्या भाषेची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे एखाद्या विशेषणाची व्याप्ती बोटभर सरकली तरी कोणाचे तरी उत्पन्न घटते, आणि ते किती घटले हे दिडकीपर्यंत सांगता येते. प्रस्तुत लेखात असे एक उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घरदलालीच्या व्यवसायातून घेतले आहे. तेथील मोठ्या दलाली संस्था ‘सेमी-रिटायर्ड’, म्हणजे अर्धनिवृत्त, एजंटांना नवे एजंट आणून देण्याबद्दल मोबदला देऊ करतात. हा मोबदला ज्या चार-पाच शब्दांच्या आधारावर उभा आहे ते शब्द तपासणे हा या लेखाचा हेतू होय. व्यवहाराचा तपशील काहीसा विस्ताराने द्यावा लागेल. कारण तो कळल्यावाचून शब्दांची हालचाल कळणार नाही.

प्रथम ‘निवृत्त’ हाच शब्द घेऊ. ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘वृत्’ हा धातू यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ परत फिरलेला, थांबलेला असा आहे. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही जोडी आपल्या तत्त्वचिंतनात फार जुनी. इंग्रजी ‘रिटायर’ हे क्रियापदही मागे ओढून घेणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेले असून नोकरीशी त्याचा संबंध पुढे जडला. मराठीने मात्र येथे एक सूक्ष्म भेद राखला आहे. कारकून, शिक्षक, पोलीस हवालदार यांना आपण ‘सेवानिवृत्त’ म्हणतो. किराणा दुकानदार किंवा अडत्या कधी सेवानिवृत्त होत नाही. तो ‘धंदा मुलांच्या हाती देतो’, ‘दुकानावर बसायचे सोडतो’, किंवा फार तर ‘आता नुसते लक्ष घालतो’. निवृत्त व्हायचे तर आधी सेवा असावी लागते, हा विचार मराठी समासातच गोवलेला आहे.

अमेरिकेतील घरदलाल हा या दुसऱ्या वर्गातला मनुष्य आहे. त्याला आपल्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो आणि वरच्या दर्जाचा परवाना असलेल्या एखाद्या ‘ब्रोकर’च्या नावाखालीच काम करावे लागते, तथापि तो त्या ब्रोकरचा नोकर नसतो. १९८२ साली संघीय करकायद्यात घातलेल्या एका कलमानुसार, परवानाधारक असलेला, कामाच्या तासांवर नव्हे तर झालेल्या विक्रीवर मोबदला घेणारा आणि तसा लेखी करार केलेला घरदलाल हा करापुरता नोकर मानला जात नाही. त्यामुळे मालकाने द्यावयाचे निवृत्तिवेतन त्याला नाही, निवृत्तीचे वय नाही, निरोपसमारंभही नाही. या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेच्या अलीकडील वार्षिक पाहण्यांत सभासदांच्या वयाचा मध्यक पंचावन्न ते साठ यांच्या दरम्यान आढळतो. म्हणजे इतर व्यवसायांत माणसे ज्या वयात निवृत्तीचा विचार करू लागतात त्या वयाचा फार मोठा वर्ग येथे काम करीत आहे आणि त्याच्यापुढे निवृत्तीची कोणतीही ठरलेली वाट नाही. ‘सेमी-रिटायर्ड’ हा शब्द ही रिकामी जागा भरण्यासाठी वापरात आला. त्यातील ‘सेमी’ हा कामाचे प्रमाण सांगतो असे वरवर वाटते. पण जी सेवा मुळात नव्हती तिच्यापासून अर्धे निवृत्त होणे म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर भाषेत नसून परवान्यात आहे.

पूर्ण थांबलेला दलाल परवान्याचे नूतनीकरण करीत नाही. अर्धनिवृत्त करतो. त्याचे कारण असे की, घर दाखविणे, सौदा जुळविणे, कागदपत्रे करणे ही कामे त्याने सोडली असली तरी त्याच्या ओळखी सुटलेल्या नसतात. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना घर घेऊन दिले त्यांच्या नातवंडांना आता घर हवे असते. असे गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटाकडे पाठविले तर त्या एजंटाच्या दलालीतून हिस्सा मिळतो. त्याला ‘रेफरल फी’ म्हणतात आणि तो बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास असतो. घरकर्जाच्या व्यवहारांत नुसते गिऱ्हाईक पाठविल्याबद्दल पैसे घेण्यास १९७४ च्या ‘रेस्पा’ या संघीय कायद्याने बंदी केली आहे. परंतु परवानाधारक दलालांच्या आपसांतील अशा व्यवस्थेला त्याच कायद्याने सूट दिली आहे. हा हिस्सा घेण्याचा हक्क, एवढाच परवान्याचा अर्थ अर्धनिवृत्ताच्या बाबतीत शिल्लक राहतो.

कल्पनेने एक हिशेब मांडून पाहू. ४,००,००० डॉलरचे घर विकले गेले आणि एका बाजूच्या एजंटाला २.५ टक्के दलाली मिळाली, तर ती १०,००० डॉलर होते. गिऱ्हाईक पाठविणाऱ्याचा २५ टक्के हिस्सा २,५०० डॉलर. तोही प्रथम त्याच्या ब्रोकरकडे जातो आणि त्यातून काही वजा होऊन त्याच्या हाती येतो. वर्षाकाठी असे दोन-तीन व्यवहार झाले तर परवान्याचा आणि सभासदत्वाचा खर्च निघून थोडे शिल्लक राहते. हा खर्चही नको असेल तर केवळ ‘रेफरल’साठी काढलेल्या कचेऱ्यांत परवाना ठेवता येतो. या कचेऱ्यांतील एजंट राष्ट्रीय संघटनेचे सभासद नसतात. म्हणून वर्गणी वाचते. त्यासोबत एक शब्दही जातो. ‘रिअल्टर’ हा शब्द मिनिॲपोलिस येथील चार्ल्स चॅडबोर्न याने घडविला आणि १९१६ साली राष्ट्रीय संघटनेने तो आपल्या सभासदांसाठी स्वीकारला. १९४९ व १९५० साली त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. संघटनेबाहेरच्या दलालाने तो स्वतःस लावणे म्हणजे दुसऱ्याचे चिन्ह वापरणे होय. सिंक्लेअर लुईसच्या ‘बॅबिट’ या १९२२ च्या कादंबरीचा नायक याच शब्दाचा फार अभिमान बाळगतो, आणि लेखकाने त्याची चेष्टा केली आहे. चेष्टा बाजूला ठेवली तरी वस्तुस्थिती लक्षात घेण्याजोगी आहे: ज्या व्यवसायाने आपल्या नावाचा शब्द स्वतः घडवून त्यावर मालकी सांगितली, त्याला शब्दांची किंमत चांगली ठाऊक आहे.

आता ‘फ्रँचाइझ’कडे वळू. या शब्दाच्या मुळाशी फ्रेंचमधील ‘मोकळा’ या अर्थाचे विशेषण आहे. राजाने दिलेली सूट, मताधिकार आणि शेवटी दुसऱ्याच्या नावाने धंदा करण्याची अटींनी बांधलेली परवानगी, असा स्वातंत्र्याकडून बंधनाकडे झालेला या शब्दाचा प्रवास अर्थसंकोचाच्या पाठासाठी वर्गात सांगावा असा आहे. घरदलालीत ही पद्धत १९७१ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘सेंच्युरी २१’ने रुजविली. १९७३ साली डेन्व्हर येथे निघालेल्या ‘री/मॅक्स’ने एजंटाला जवळजवळ सगळी दलाली ठेवू देऊन त्याच्याकडून ठरावीक शुल्क घेण्याची रीत लोकप्रिय केली. येथे एक मोठा पालट घडला. एजंटच शुल्क भरू लागला म्हणजे संस्थेच्या दृष्टीने गिऱ्हाईक कोण, घर घेणारा की एजंट? वाढ मोजावयाची ती विकलेल्या घरांवरून की आणलेल्या माणसांवरून? पुढे आलेल्या बऱ्याच संस्थांनी दोन्हींवरून मोजली, आणि माणसे आणण्याचे काम एजंटांवरच सोपविले.

हे काम अर्धनिवृत्ताला विशेष जमते. त्याच्याजवळ वेळ असतो, व्यवसायातील ओळखी असतात, आणि गिऱ्हाइकांसाठी तो आता इतर एजंटांशी स्पर्धा करीत नसल्यामुळे त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. येथे दोन प्रकारचे मोबदले वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला, एजंटाने स्वतः संस्थेत यावे म्हणून त्याला आगाऊ दिलेली रक्कम. ती पुष्कळदा कर्जाच्या रूपाने देतात, आणि एजंट ठरावीक वर्षे टिकला तर ते कर्ज माफ होते. असा मोबदला भरपूर विक्री करणाऱ्यांच्या वाट्याला येतो. अर्धनिवृत्ताला तो क्वचितच मिळतो. दुसरा, त्याने इतरांना आणल्याबद्दल पुढे चालू राहणारा हिस्सा. अर्धनिवृत्तापुढे ठेवले जाते ते हे दुसरे आमिष. १९८३ साली ऑस्टिन येथे स्थापन झालेल्या ‘केलर विल्यम्स’ने या दुसऱ्या प्रकाराला ‘प्रॉफिट शेअर’ असे नाव दिले. स्थानिक कचेरीच्या नफ्याचा काही भाग, ज्या एजंटांमुळे दुसरे एजंट आले त्यांना सात पायऱ्यांपर्यंत वाटला जातो. २००९ साली निघालेली ‘एक्सपी रिअल्टी’ ही फ्रँचाइझ नव्हे, तरी तिनेही सात पायऱ्यांची व्यवस्था ठेवली; फक्त ती नफ्यातून न देता महसुलातून देते. तेथे पहिल्या पायरीवरील एजंटाच्या दलालीच्या ३.५ टक्के, वार्षिक मर्यादेपर्यंत, असा हिस्सा सांगितला आहे. वरच्या उदाहरणातील १०,००० डॉलरच्या दलालीवर तो ३५० डॉलर होतो. म्हणजे एक गिऱ्हाईक पाठवून जे २,५०० डॉलर उत्पन्न होतात, तेवढ्यासाठी आपण आणलेल्या एजंटांनी सातांहून अधिक व्यवहार केले पाहिजेत. ‘बसल्याजागी उत्पन्न’ या शब्दप्रयोगातील बसण्याचा भाग खरा असला तरी उत्पन्नाचे प्रमाण असे आहे.

भाषेच्या अभ्यासकाला या व्यवस्थेत प्रयोजकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ‘करणे’वरून ‘करविणे’ होते. प्रयोजक कर्ता स्वतः क्रिया करीत नाही, दुसऱ्याकडून करवितो; तरीही वाक्यात प्रथमेचा मान त्याला मिळतो. लॅटिनमधील ‘करणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेल्या ‘एजंट’ या शब्दाचा अर्थच कर्ता. अर्धनिवृत्त एजंट हा क्रिया सोडून दिलेला, केवळ प्रयोजक उरलेला कर्ता आहे, आणि त्याचा हिस्सा हे प्रयोजकत्वाचे वेतन आहे. फरक एवढाच की, भाषा या बाबतीत लवकर थकते. अमुकाने तमुकाकडून तिसऱ्याकरवी काम करविले, एथवर मराठी वाक्य कसेबसे चालते. चौथा दुवा जोडला की ऐकणाराला कोणी काय केले याचा उलगडा होत नाही. संस्थांच्या तक्त्यात मात्र प्रयोजकाच्या सात पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवरील एजंटाने विकलेल्या घराशी पहिल्या माणसाचा संबंध कोणत्या अर्थाने आहे, हे कोणत्याही नैसर्गिक वाक्यात सांगता येणे कठीण. ते तक्त्यातच सांगता येते. सात पिढ्या बसून खातील हा आपला वाक्प्रचार यानिमित्ताने आठवला तर वाचकाला दोष देता येणार नाही.

आणणाऱ्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. या लॅटिन शब्दाचा अर्थ शब्द देणारा, हमी घेणारा; ख्रिस्ती बाप्तिस्म्यात बालकाच्या वतीने वचन देणाऱ्यासाठी तो रूढ होता. मराठीत त्याला ‘जामीन’ हा शब्द जवळचा. घरदलालीतील स्पॉन्सर मात्र आणलेल्या माणसाची कसलीही हमी घेत नाही. हमीचा भाग गळाला आणि लाभाचा भाग राहिला.

याहूनही अर्थपूर्ण आहे ते एका शब्दाचे करारनाम्यातील नसणे. ‘भरतीचा बोनस’ असे सर्वजण बोलताना म्हणतात. करारनाम्यात तो शब्द कटाक्षाने टाळलेला असतो. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७५ साली कॉस्कॉट या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रकरणात असा निकष सांगितला की, मालाच्या प्रत्यक्ष विक्रीशी संबंध नसलेला, केवळ माणसे भरती केल्याबद्दलचा मोबदला हे अवैध साखळी-योजनेचे लक्षण होय. म्हणून दलाली संस्था असे सांगतात की, माणूस आणल्याबद्दल आम्ही काहीच देत नाही, त्याने घर विकल्यावर देतो. आणि हे विधान खोटे नाही. या योजनांचे पैसे घराच्या विक्रीतूनच येतात, हा त्यांचा साखळी-योजनांहून खरा भेद आहे. पण त्यामुळे शब्दसंग्रहाची पुनर्रचना झाली. ‘भरती करणे’ या क्रियापदाच्या जागी ‘आकर्षित करणे’ आले, ‘बोनस’च्या जागी ‘शेअर’ आला. मराठी वाचकाने येथे थोडे सावध राहावे. ‘बोनस’ म्हटले की आपल्या कानांत दिवाळी आणि गिरणीकामगारांचे लढे वाजतात. १९६५ च्या कायद्याने किमान ८.३३ टक्क्यांचा बोनस हा कामगाराचा हक्क ठरविला होता. अमेरिकी व्यवहारातील बोनस हा असा हक्क नव्हे. तो अटीवर दिलेला शब्द आहे.

अट कोणती, हे ‘व्हेस्टेड’ या शब्दात दडलेले आहे. लॅटिनमध्ये ‘वेस्तिस’ म्हणजे वस्त्र. अधिकार देताना अंगावर वस्त्र चढविण्याच्या सरंजामी आणि धार्मिक विधीवरून, हक्क पक्का होणे या अर्थापर्यंत हा शब्द पोहोचला. महाराष्ट्रात ही कल्पना परकी नाही. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाला शाहू छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली, असे आपण आजही म्हणतो. पद मिळणे म्हणजे वस्त्रे मिळणे. दोन दूरच्या भाषांनी एकाच विधीतून एकच लक्षणा काढावी, हे मोठे मनोरम साम्य आहे. पण आपल्याकडील वस्त्रांबाबत एक गोष्ट सर्वांना ठाऊक होती: पेशवा बदलला की वस्त्रे पुन्हा घ्यावी लागत. देणाऱ्याची मर्जी त्या शब्दात उघड दिसे. ‘व्हेस्टेड’मध्ये ती दिसत नाही. तो शब्द ऐकणाराला हक्क कायमचा झाला असे वाटते, आणि विधिभाषेतील त्याचा रूढ अर्थही तसाच आहे.

‘केलर विल्यम्स’मध्ये तीन वर्षे राहिलेल्या एजंटाचा नफ्यातील हिस्सा अशा अर्थाने ‘व्हेस्टेड’ होत असे. तो संस्था सोडून गेला तरी हिस्सा चालू राही, मृत्युपत्राने वारसांनाही देता येई. म्हाताऱ्या दलालाला हेच निवृत्तिवेतनासारखे वाटले असल्यास नवल नाही. १ एप्रिल २०२० पासून नव्याने येणाऱ्यांसाठी ही मुदत सात वर्षांची केली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये याहून मोठा निर्णय झाला: ज्यांचा हक्क पूर्वीच पक्का झाला होता, पण जे संस्था सोडून प्रतिस्पर्धी संस्थेत काम करू लागले, त्यांचा हिस्सा पूर्वीच्या मानाने पाच टक्क्यांवर आणावयाचा. म्हणजे ज्याला वर्षाला १०,००० डॉलर मिळत त्याला ५०० मिळणार. यावर मोठा गदारोळ झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. संस्थेची बाजू अशी की, प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन बसलेल्याला आपल्या नफ्यातून का पोसावे? ती बाजू अगदी लटकी नाही. पण मग ‘व्हेस्टेड’ हा शब्द कशाला वापरला, असा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारणे भाग आहे. मर्जीने काढून घेता येईल अशा लाभाला इंग्रजीत दुसरे शब्द होते. ते वापरले असते तर माणसे इतक्या सहज आली नसती.

अर्धनिवृत्ताची खरी अडचण येथे सुरू होते. नव्या नियमात ‘निवृत्त’ आणि ‘स्पर्धक’ अशा दोन पेट्या आहेत. ‘अर्ध’ला पेटी नाही. पूर्ण थांबलेला मनुष्य स्पर्धा करीत नाही, हे उघड आहे. पण ज्याने वर्गणी वाचविण्यासाठी आपला परवाना दुसऱ्या ब्रोकरच्या रेफरल कचेरीत ठेवला आणि वर्षाला दोन गिऱ्हाइके पाठविली, तो कोण? सामान्य बोलण्यात तो निवृत्तच. शेजारीपाजारी त्याला तसेच समजतात. परवान्याच्या नोंदवहीत मात्र तो दुसऱ्या संस्थेचा चालू एजंट आहे. ज्या एका गोष्टीमुळे तो पूर्ण निवृत्त न होता अर्धनिवृत्त ठरतो, तीच गोष्ट व्याख्येच्या एका ओळीने त्याला स्पर्धक ठरवू शकते. भरतीच्या वेळी ‘सेमी-रिटायर्ड’ हा शब्द मोठ्या आपुलकीने वापरला जातो. व्याख्यांच्या यादीत तो शोधावा, नसेल तर ‘सक्रिय’, ‘स्पर्धा’ आणि ‘निवृत्त’ या शब्दांखाली काय लिहिले आहे ते वाचावे, आणि व्याख्या बदलण्याचा अधिकार कोणाकडे राखून ठेवला आहे तेही पाहावे. माझ्या मते हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. कारण त्याच्यापुढे बाकीचे सर्व शब्द केवळ तात्पुरते अर्थ वाहतात.

या शब्दांना मराठी प्रतिशब्द देण्याचा प्रसंग पुढेमागे येणारच. आपल्या कायद्यांच्या मराठी पाठांत ‘व्हेस्ट’साठी ‘निहित होणे’ हे रूप स्थिरावले आहे. ते संस्कृत व्युत्पत्तीप्रमाणे ‘आत ठेवलेले’ एवढेच सांगते, कायमपणाची ग्वाही देत नाही. या प्रकरणी ते मूळ शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक ठरते, असे म्हणावे लागेल. ‘दलाल’ हा शब्द अरबीत वाट दाखविणाऱ्याचा. मराठीत तो इतका मलिन झाला की घरांचा व्यवहार करणारे स्वतःला ‘एजंट’ किंवा ‘सल्लागार’ म्हणवितात. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने या नामांतराची वाट आधीच अडविली आहे. इच्छुक ग्राहक आणि विक्रेता यांची गाठ घालून देऊन मोबदला घेणारा प्रत्येक जण, त्याला कोणत्याही नावाने ओळखले जात असो, त्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येत येतो, आणि नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पांत त्याला स्वतःची नोंदणी केल्यावाचून असे काम करता येत नाही. त्या व्याख्येला वय ठाऊक नाही, आणि दुकानावर बसायचे सोडून ‘नुसते लक्ष घालणारा’ म्हातारा दलालही तिच्यातून सुटत नाही.